पदाचे पावित्र्य आणि पदस्थाचे आचरण



धर्मगुरूच पतित निघाला, तर त्याच्या हातून झालेल्या संस्कारांचे काय? ख्रिस्ती चर्चपुढे हा प्रश्न चौथ्या शतकाच्या आरंभीच उभा राहिला.

इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियन याने चर्च पाडण्याचा आणि धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत कित्येकांनी ग्रंथ देण्याऐवजी मरण पत्करले. काही बिशपांनी मात्र ते मुकाट्याने अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ थांबला आणि जाब विचारण्याची वेळ आली. सिसिलियन कार्थेजचा बिशप झाला, तेव्हा विरोधक म्हणाले, ‘त्याला दीक्षा देणाऱ्या फेलिक्सनेच ग्रंथ हवाली केले, सबब ही दीक्षा व्यर्थ.’ त्यांनी आपला वेगळा बिशप नेमला. पुढे डोनॅटस या नेत्याच्या नावाने हा पंथ ओळखला गेला. चौकशीअंती फेलिक्स निर्दोष ठरला. फूट मात्र सांधली नाही.

३१४ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने गॉल प्रांतातील आर्ल येथे बिशपांची परिषद भरविली. तिच्या निर्णयाला दोन बाजू होत्या. सरकारी दप्तरातील नोंदींवरून ज्याचा अपराध सिद्ध होईल, त्या धर्माधिकाऱ्यास पदच्युत करावे. केवळ तोंडी आरोप पुरेसा नाही. मात्र त्याने दिलेली दीक्षा, घेणारा पात्र असल्यास, ग्राह्य मानावी. पुढे संत ऑगस्टिनने यास तात्त्विक अधिष्ठान दिले. संस्कार ख्रिस्ताचा, देणारा केवळ निमित्त. दगडी पाटात काही उगवत नाही, पण त्यातून वाहणारे पाणी वाफे फुलविते.

सामान्य भाविकास हा मोठाच आधार होता. बाप्तिस्मा घेताना त्याने गुरूचे अंतःकरण कसे तपासावे?

परंतु वाद निवळला नाही. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांचे प्रत्येकी अडीचशेहून अधिक बिशप समोरासमोर आले. निवाडा दिला तो मार्सेलिनस या शाही अधिकाऱ्याने. लगोलग डोनॅटिस्टांवर दंड आणि जप्तीचे कायदे आले. आचरणाच्या प्रश्नाला राजदंडाने उत्तर दिले!

आर्लचा पूर्वार्ध विसरला की काय होते, हे २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे जगाने पाहिले. बालकांवरील अत्याचाराचे आरोप असलेल्या पाद्र्यांना वरिष्ठांनी पदावरून न हटविता एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये धाडले होते.

संस्कार दोषीच्या हातूनही शुद्ध राहतो, असे चर्चने सांगितले. दोषीला त्या पदावर राहू द्यावे, असे आर्लच्या परिषदेने कधीच म्हटले नव्हते.