केळकरांचें संग्रहालय व आपले कारागीर
(लोहार, सुतार, तांबट मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



पुण्यास शुक्रवार पेठेंत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तें कितीजणांनीं पाहिलें? हात थोडेच वर आले. शनिवारवाडा मात्र सर्वांनीं पाहिला असेल!

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करीत. सुमारें १९२० पासून त्यांस जुन्या वस्तूंचा नाद लागला. गांवोगांव हिंडून लोकांनीं अडगळ मानलेल्या वस्तु त्यांनीं जमविल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांस साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणींच वारला, त्याचें नांव त्यांनीं संग्रहास दिलें. १९७५ सालीं हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. आज तेथें वीस हजारांवर वस्तु आहेत. मांडलेल्या सुमारें अडीच हजारच.

कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालापाशीं लोक घोटाळतात. घोटाळोत बापडे! तुम्हीं दिव्यांपाशीं थांबा. अडकित्ते, कुलपें, दौती, पाय घासण्याच्या वज्र्या, कोरींव दारें पाहा. ओतींव दिवा कसा होतो हें येथें बसलेल्या म्हातार्‍यांस ठाऊक आहे. आधीं मेणाचा दिवा घडवावा, त्यावर माती लिंपावी, भाजून मेण वाहून जाऊं द्यावें, त्या पोकळींत रस ओतावा. निवाल्यावर साचा फोडावा लागतो. म्हणून तसाच दुसरा दिवा हवा तर मेणापासून पुन्हां आरंभ! आणि अडकित्ता? खिळा किंचित् ढिला बसला कीं सुपारी निसटलीच.

पण बहुतेक वस्तूंवर करणाराचें नांव नाहीं. त्याचा दोष केळकरांस देऊं नका. आपल्या आजोबांस लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांस येत होतें त्यांनीं दप्तरांत बलुत्याच्या पेंढ्या मोजल्या, हाताचें कसब मोजलें नाहीं. आतां आपणांस लिहितां येतें, तरी आपण काय करितों? मी लोहाराचा मुलगा. वडिलांची ऐरण मींच मोडींत वजनावर विकली. कोणत्या गिर्‍हाइकासाठीं त्यांनीं काय घडविलें, तें विचारावयाचें राहून गेलें. एक सांडशी तेवढी घरांत उरली आहे.

पुढच्या महिन्यांत आपण मिळून पुण्यास जाऊं. मुलाबाळांस घ्या, म्हातार्‍यांस तर आधीं घ्या. काचेपुढें त्यांस उभें करून विचारा, 'बाबा, हें कसें केलें असेल?' ते सांगतील तें मुलांनीं वहींत उतरावें, खालीं बाबांचें नांव व गांव घालावें. येणारांनीं आपलीं नांवें सभा संपतांच मजपाशीं द्यावींत.