पहिला तांब्या आपला
(सुरगाणा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

बायांनो, आपल्या सुरगाण्यात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये आपणच हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळतो. आणलेलं पाणी आधी घरच्यांना, मग गुरांना. आपल्याला शेवटचा तांब्या. मीही तेच करत आले. त्यात कामावर आडोसा नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही. मग लघवीला जळजळ, चक्कर, रात्री झोप नाही आणि पोरांवर हात. वाटायचं, माझा स्वभावच वाईट. तो उन्हाचा त्रास होता, हे उशिरा कळलं.

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेली १४ माणसं दगावली. ऊन लागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे.

थकवा आला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. कुणी असंबद्ध बडबडू लागली तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, लगेच दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आणि कामावर पाणी, सावली, आडोसा मिळून मागूया. एकटीला हसतील, पन्नासजणींना नाही. तोवर हंडा उतरवला की पहिला तांब्या आपण प्यायचा.