जमिनीखालच्या उभयचरांचे काय?

परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. सकाळच्या निबंधांत तो पुरेसा आला आहे, म्हणून मी अनेक वर्षे मनात असलेले गाऱ्हाणेच मांडतो. आपण बेडकांचे अभ्यासक झालो आहोत, उभयचरांचे अजून झालेलो नाही.

उभयचरांचे आज तीन गण आहेत. बेडूक आणि भेक यांचा पहिला, शेपटीवाल्या सॅलॅमँडरांचा दुसरा आणि बिनपायांच्या देवगांडुळांचा तिसरा. सॅलॅमँडर भारतात पूर्व हिमालय आणि ईशान्येकडेच सापडतात. म्हणजे आंबोली, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी या आपल्या टापूत दोनच गण उरतात, आणि त्यांतल्या एकाकडे आपली पाठ आहे. याचे कारण आपल्या पद्धतीत आहे. पावसाळी रात्री आवाज ऐकत, विजेरी घेऊन आपण फिरतो. बेडूक ओरडतो, म्हणून यादीत येतो. देवगांडूळ ओरडत नाही, बहुतेक आयुष्य ओल्या मातीत काढते आणि डोळा व नाकपुडी यांमधल्या इवल्या स्पर्शिकेने वाट व भक्ष्य हुडकते. ते विजेरीला सापडणार नाही, त्याला कुदळच लागते.

पुरावा आपल्या उंबऱ्यावरच आहे. 2003 साली आंबोली आणि दोडामार्ग भागातून, 2004 साली गोव्यातील बोंडल्याहून आणि 2007 साली केरी व आपल्या बेळगाव जिल्ह्यातील चोर्ल्याहून देवगांडुळांच्या नव्या जाती नोंदल्या गेल्या. चोर्ल्याच्या जातीला म्हादईचे नाव मिळाले. हे प्राणी त्या वर्षी उपजले नव्हते. त्या वर्षी कोणीतरी माती उकरली होती. दोडामार्गकडची जात तर अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. अंडे, बेडूकमासा, बेडूक ही पाठ्यपुस्तकातली साखळी साऱ्या उभयचरांची नाही, हे आपल्याच डोंगराने दाखवून दिले.

यावर म्हणतात की उकरण्याने अधिवास बिघडतो. पण शेतकरी बांध घालताना, शेणखत उपसताना, पोफळीच्या बागेत आळी करताना माती उकरतोच. त्याच्या कामाला जोडून नोंद घ्यावी, प्राणी सोडावा, माती पूर्ववत करावी. दुसरा आक्षेप असा की धोका बेडकांना आहे, आधी ते वाचवू. 2023 च्या जागतिक मूल्यमापनाने सुमारे 41 टक्के उभयचर जाती धोक्यात ठरवल्या, हे खरे. पण देवगांडुळांच्या कितीतरी जातींपुढे ‘माहिती अपुरी’ एवढाच शेरा आहे. माहिती नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. इकडे शिवारात साप समजून देवगांडूळ ठेचले जाते, आणि वाळवी व गांडुळे खाऊन राहणाऱ्या या प्राण्यापासून माणसाला धोका नाही, हे सांगायला आपल्यातले कोणी तिथे नसते.

तीन राज्यांच्या हद्दी या डोंगराला ठाऊक नाहीत. आपल्या नोंदवह्यांना मात्र आहेत. खानापूर, दोडामार्ग आणि सत्तरीसाठी मराठी, कन्नड व कोकणीत एकच नोंदवही सुरू करू. तपशील पुढच्या बैठकीत ठरवता येईल. निपाणीच्या काळ्या रानापासून चोर्ल्याच्या घाटापर्यंत प्रत्येक शाळेत या तिसऱ्या गणाचे चित्र लागले पाहिजे. येत्या पावसाळ्यात विजेरीबरोबर कुदळही घ्या, एवढीच विनंती.