पाणी धरणारी पावडर: आधी ग्लासात, मग रानात
(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)



पातळ सॅनिटरी पॅड एवढं ओलं कसं धरतं? त्यात पाणी शोषणारी बारीक पावडर असते. त्याच जातीची पावडर शेतीसाठीही मिळते. तिला हायड्रोजेल म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘जलशक्ती’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं. पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात वजनाच्या 350 पट पाणी धरतं. एकरी 1 ते 2 किलोची शिफारस आहे.

आपल्या पारनेर-पाथर्डीच्या जिरायत रानात त्याचा उपयोग काय? पेरताना कोरड्या मातीत मिसळून बियाजवळ सोडायचं. पाऊस झाला की ते फुगतं. पावसाने ओढ दिली की मुळांना हळूहळू ओल देतं. पण बायांनो, ही पावडर पाणी धरते, पाणी बनवत नाही. पाऊसच नसेल तर तीही कोरडीच!

खारट पाण्यात ती कमी फुगते. विहिरीचं पाणी देणार असाल तर घरीच बघा. एका ग्लासात पिण्याचं गोडं पाणी घ्या, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत सारखीच चिमूट टाका. सकाळी फरक दिसेल.

विक्रेता गोड बोलला म्हणून लगेच गटातून कर्ज उचलू नका. आधी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारा. मग पहिल्या वर्षी चार ओळी पावडरीच्या, चार बिगर पावडरीच्या पेरा. खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा. वही सांगेल, त्यावर पुढच्या हंगामाचं कर्ज ठरवू.