एक वही, अनेक लेखण्या

आंब्याच्या हंगामांत रत्नागिरीकडील बागायतदाराचें घर तीन गांवीं वांटलेलें असतें. एक भाऊ बागेंत काढणीवर उभा, दुसरा पुण्यास पेट्या पोंचविणारा, आणि मुंबईची बहीण गिऱ्हाइकांच्या मागण्या घेणारी. पूर्वीं पडवींत लाल कापडी बांधणीची एकच कीर्द असे व लेखणीहि एकाच्याच हातीं. आज ती वही पडद्यावर आली आहे आणि तिघेंहि तींत एकाच क्षणीं लिहितात.

संगणकावरील आंकडेमोडीचें कोष्टक १९७९ सालीं ‘व्हिजिकॅल्क’नें घरोघर नेलें, पण तें एकट्याचें होतें. पुढें कित्येक वर्षें कोष्टकाच्या प्रती एकाकडून दुसऱ्याकडे जात, आणि ‘शेवटची’, ‘अगदीं शेवटची’ अशा नांवांचा संसार वाढे. २००६ सालीं गूगलनें आपलें कोष्टक इंटरनेटवर ठेविलें. तेथें प्रत एकच. शंभर जणांपर्यंत एकदम लिहितां येतें.

दोघांनीं दोन निराळ्या घरांत लिहिलें, तर दोन्ही नोंदी राहतात. एकाच घरांत लिहिलें, तर मागाहून पोंचलेली टिकते. यंत्र भांडण लावीत नाहीं, आणि मिटवीतहि नाहीं.

समजा, ‘शिल्लक पेट्या’ या घरांत ४० आंकडा आहे. पुण्याच्या भावानें ५ पेट्या दिल्या व ३५ लिहिले. त्याच वेळीं बहिणीनें १० पेट्या कबूल केल्या. तिनेंहि मनांत ४० धरून ३० लिहिले. खरी शिल्लक २५, वहींत ३०. म्हणजे नसलेल्या पांच पेट्या आणखी कोणाला तरी विकल्या जाणार, आणि आगाऊ पैसे दिलेलें गिऱ्हाईक अक्षय्यतृतीयेला दारांत उभें राहणार. भावंडांत संशय शिरतो तो येथून. वस्तुतः वजाबाकी दोघांचीहि बरोबर होती.

जुने व्यापारी प्रत्येक देवघेव नव्या ओळींत मांडीत. कोष्टकांतहि तसेंच करावें: ज्यानें त्यानें आपली ओळ लिहावी, आणि शिल्लकेच्या घरांत सूत्र घालून तें घर इतरांस बंद करावें. तशी सोय आहे. ओळींचा क्रम मात्र कोणी परस्पर बदलूं नये; तो सर्वांच्याच पडद्यावर बदलतो. स्वतःपुरती निवड पाहण्याची व्यवस्था वेगळी आहे.

कोणी काय केव्हां बदललें हें इतिहासांत सांपडतें व जुनी स्थिति परत आणतां येते. पण ज्यानें त्यानें आपल्या नांवानें प्रवेश केला असेल तरच. वही सर्वांस खुली ठेवली, तर अनोळखी पाहुणा एखाद्या प्राण्याचें नांव धारण करून तींत वावरतो. गंमत खरी, पण हिशेबांत ती महाग पडते!

राहिला बागेंतला भाऊ. कातळावरच्या कित्येक बागांत मोबाईलला रेंज नसते. त्यानें काढणीचा आंकडा कागदावर टिपावा, संध्याकाळीं घरीं येऊन भरावा, आणि ओळीशेजारीं काढणीची वेळ लिहावी. म्हणजे दिवसभरांत पुण्यास व मुंबईस झालेल्या नोंदींशीं मेळ घालतां येतो.