प्राणवायूची दुसरी बाजू

[ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण]



या संमेलनात चार शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय त्यांनी सुचविला होता. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसऱ्या विषयाची अपेक्षा तरी कोण करील? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे शिक्षकाचे प्रशिक्षण, एवढीच आमची विद्येची पुंजी. परंतु आज आम्ही विषय थोडा बदलून घेतला आहे. वायूच्या ज्योतीने लोखंड कापताना व सांधताना आपल्या मुलांनी जीव कसा सांभाळावा, याविषयी आम्ही बोलणार आहोत. आमच्या दृष्टीने हाही शिक्षणाचाच विषय होय. किंबहुना आमच्या हातून जे शिक्षण अपुरे राहिले त्याचाच हा विषय आहे.

आपली लोहार-पांचाळांची ज्ञाती अग्नीच्या सोबतीने वाढली. लोखंड काळ्याचे तांबडे, तांबड्याचे केशरी आणि केशरीचे पिवळे होत असता घाव नेमका केव्हा घालावा, हे आपल्या आजोबांना घड्याळ न पाहता कळत असे. आज भाता आणि ऐरण पुष्कळ घरांतून गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, तसेच गावोगावच्या फाट्यांवर पत्र्याच्या शेडखाली आपली मुले ऑक्सिजनचा काळा व ॲसिटिलीनचा मरून रंगाचा सिलिंडर घेऊन उभी आहेत. हातात घणाऐवजी टॉर्च आली, एवढाच फरक झाला असे आपण समजतो. तो समज चुकीचा आहे. निखारा आपले अस्तित्व लपवीत नाही. तो दिसतो, त्याची धग लागते, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही, धग नाही. पिढ्यान्‌पिढ्या शहाणा झालेला आपला डोळा येथे आंधळा आहे. वडिलोपार्जित कसब हे या नव्या अग्नीपुढे पुरेसे रक्षण नव्हे.

हे आम्हांस कसे कळले, ते आता सांगतो. ज्या मातेची ही हकीकत आहे ती आज या मंडपात बसली आहे व तिच्या संमतीनेच आम्ही बोलत आहोत. नाव मात्र घेत नाही.

२०१७ च्या मे महिन्यातील गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी, वय वर्षे चोवीस, एका वर्कशॉपमध्ये गॅस कटिंगचे काम करीत होता. दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या टँकरच्या टाकीत उतरून आतील गंजलेल्या आडव्या पट्ट्या त्यास कापावयाच्या होत्या. टाकीला वरच्या बाजूस माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड. आत पंखा नाही, वारा नाही, बाहेर वैशाखाचे ऊन. जीव घाबरा होऊ लागला तेव्हा त्याने जे केले, ते त्याच्या सोबत्यांनीही अनेकदा केलेले होते. टॉर्चचा ऑक्सिजन मोकळा सोडून त्याने तो सदऱ्याच्या आत घेतला. गार वाटले, हुशारी आली. थोड्या वेळाने त्याने ज्योत पेटविण्यासाठी ठिणगी पाडली. बाहेर उभ्या असलेल्या मदतनीसाला टाकीच्या तोंडातून एकदम उजेड दिसला, एवढेच तो सांगू शकला. चौथ्या दिवशी मुलगा गेला.

दहाव्याला आम्ही सांत्वनासाठी गेलो आणि अशा वेळी सर्वच जण जे बोलतात तेच बोललो. “वहिनी, प्रारब्धापुढे कोणाचे चालले आहे?” त्या माउलीने डोळे पुसले आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “गुरुजी, प्राणवायू म्हणजे प्राण देणारा वारा, असं तुम्हीच पोरांना शिकवत होता ना? मग त्यानंच माझ्या पोराचा प्राण कसा घेतला?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सातवीच्या वर्गातील तो तास डोळ्यांपुढे उभा राहिला. परीक्षानळीत प्राणवायू भरून तीत विझत आलेली काडी आम्ही धरीत असू. काडी भडकून पेटे आणि मुले टाळ्या वाजवीत. हा मुलगा पुढच्या बाकावर बसत असे. ‘प्राणवायूचे गुणधर्म लिहा’ या प्रश्नाला त्याने उत्तर लिहिले होते: प्राणवायूला रंग, वास व चव नाही, प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनास मदत करतो. आम्ही तांबड्या शाईने पूर्ण गुण दिले होते. बंधुभगिनींनो, त्याचा जीव वाचण्यास हे एवढे ज्ञान पुरेसे होते. परंतु परीक्षानळीतील काडी म्हणजे उद्या तुझा सदरा, हे आम्ही त्यास कधीच सांगितले नाही. उलट ‘प्राणवायू’ हे गोड नाव तेवढे त्याच्या मनात ठसविले. नाव खोटे नाही, पण ते अर्धेच सत्य सांगते.

त्यानंतर आम्ही या विद्येतील जाणत्या माणसांकडे गेलो, कारखान्यांत जाऊन बसलो, वाचले, विचारले. जे समजले ते आपल्यापुढे साध्या शब्दांत ठेवतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेत शेकडा सुमारे २१ भाग ऑक्सिजन असतो. हे प्रमाण २४-२५ पर्यंत जरी चढले, तरी कापड, केस, तेल ही विलक्षण वेगाने पेटतात व सहजी विझत नाहीत. कपड्यांत मुरलेला ऑक्सिजन बराच वेळ तेथे रेंगाळतो. म्हणूनच ऑक्सिजनने कपड्यांवरील धूळ उडविणे, अंग गार करणे, अथवा बंद जागेतील हवा ‘ताजी’ करणे हे मृत्यूस आमंत्रण होय. हे केवळ आपल्या अडाणीपणामुळे घडते असेही नाही. इंग्लंडात टाइन नदीकाठच्या गोदीत ‘ग्लासगो’ नावाची युद्धनौका बांधली जात असता, आदल्या दिवशी आत राहून गेलेल्या नळीतून रात्रभर ऑक्सिजन सुटत राहिला. २३ सप्टेंबर १९७६ रोजी सकाळी एका वेल्डरने काम सुरू करताच आगीचा भडका उडाला आणि आठ कामगार प्राणास मुकले. वास नाही, रंग नाही, म्हणून कोणास काही कळले नाही.

दुसरा वायू ॲसिटिलीन. ऑक्सिजनच्या जोडीने त्याची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. पोलाद वितळते ते त्यामुळेच. परंतु हा वायू मोठा कोपिष्ट आहे. मोकळ्या अवस्थेत त्याच्यावर दर चौरस इंचास १५ पौंडांहून अधिक दाब आला, तर हवा नसतानाही त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून त्याच्या सिलिंडरात सच्छिद्र पदार्थ ठासून भरलेला असतो व त्यात मुरविलेल्या ॲसिटोन नावाच्या द्रवात हा वायू विरघळवून ठेवलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच. आडव्या सिलिंडरातून वायूबरोबर तो द्रवही बाहेर येतो.

स्वीडनमधील गुस्ताफ दालेन या शास्त्रज्ञाने दीपगृहांत ॲसिटिलीनचे दिवे आपोआप चालविण्याची साधने शोधून काढली व त्यांस १९१२ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या एका प्रयोगात स्फोट होऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले. पारितोषिक स्वीकारण्यास त्यांचे बंधू गेले. ज्याने या वायूला माणसाळविले त्यालाही त्याने क्षमा केली नाही. मग “आम्हांला वीस वर्षांचा अनुभव आहे, आम्हांस काय होते?” असे म्हणणाऱ्यास आम्ही काय सांगावे?

आता कामावरचे नियम. पालकांनी ते घरी मुलांस वाचून दाखवावेत.

पहिला. ऑक्सिजनच्या सिलिंडरास, रेग्युलेटरास वा नळीच्या जोडास तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. तेलकट हातांनी त्यांस शिवूही नये. दाबाखालील ऑक्सिजनला तेल मिळाले की पेटण्यास ठिणगीची गरज उरत नाही. सिलिंडरच्या झडपेस तेल लावू नये, असे २०१६ चे गॅस सिलिंडर नियमही सांगतात. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

दुसरा. सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावेत. पूर्ण भरलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरात हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट दाब असतो. तो पडून झडप तुटली, तर सिलिंडर तोफगोळ्यासारखा सुटतो.

तिसरा. ऑक्सिजनची नळी निळी व ॲसिटिलीनची तांबडी. त्यांची अदलाबदल करू नये. ॲसिटिलीनच्या जोडाचे आटे उलटे असतात ते चूक होऊ नये म्हणूनच. जोर लावून ते बसवू नयेत. ॲसिटिलीनला तांब्याची नळी जोडू नये, कारण त्या दोहोंच्या संयोगाने स्फोटक पदार्थ बनतो.

चौथा. गळती साबणाच्या पाण्याने पाहावी, काडी ओढून नव्हे.

पाचवा. ज्योत उलटून नळीत शिरू नये म्हणून फ्लॅशबॅक ॲरेस्टर बसवावा. ज्योत आत जाऊन शिट्टीसारखा आवाज आला, तर दोन्ही वायू तत्काळ बंद करावेत.

सहावा. रिकामे पिंप हे रिकामे नसते. ज्यात तेल, रंग किंवा पेट्रोल होते त्यात त्याची वाफ उरते. ते नीट धुऊन, आत वाफ उरली नाही याची जाणत्याकडून खात्री करून घेतल्यावाचून त्यास ज्योत लावू नये.

सातवा. टाकीत एकट्याने उतरू नये. पंख्याने बाहेरची हवा आत सोडावी, बाहेर माणूस सतत उभा असावा, आणि जेवणाच्या सुट्टीत टॉर्च व नळ्या टाकीबाहेर काढून झडपा सिलिंडरापाशीच बंद कराव्यात.

आठवा. गडद काचेचा गॉगल, कातडी हातमोजे व सुती कपडे यांत लाज मानू नये. डोळे बारीक करून काम करणे हा पुरुषार्थ नव्हे.

आपल्या ज्ञातीतील जे कारखानदार येथे बसले आहेत त्यांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. रागावू नये. एका ॲरेस्टरची व एका पंख्याची किंमत आपण हिशेबात धरता. ती वाचली म्हणजे नफा झाला असे मानता. ज्या घरचा कर्ता मुलगा गेला त्या घरचा हिशेब कोण मांडणार? आपल्याकडे काम शिकावयास आलेला मुलगा बहुधा भाच्या-पुतण्याच्या नात्याचा असतो. त्यास टाकीत उतरविण्यापूर्वी आपण स्वतः त्या तोंडातून एकदा आत डोकावून पाहावे, एवढीच विनंती.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर, वायूचे काम शिकू लागणाऱ्या प्रत्येक ज्ञातिपुत्रास संस्थेतर्फे एक गॉगल, हातमोज्यांचा जोड व वरील नियमांचा मराठी तक्ता द्यावा. या निधीस आमच्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम आम्ही आज चिटणीसांच्या हाती दिली आहे.

दुसरी सूचना या स्मरणिकेविषयी. दिवंगत ज्ञातिबांधवांच्या यादीत आपण ‘अपघाती निधन’ एवढेच छापतो व खाली ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ असे लिहितो. यापुढे, घरच्यांची संमती असल्यास, अपघात कशाने झाला ते एका ओळीत छापावे. त्या एका ओळीने दुसऱ्या घरचा मुलगा सावध होईल. ईश्वरेच्छेला आमचे वंदन आहे. परंतु उघडी राहिलेली झडप ही ईश्वराची इच्छा नव्हे.

वहिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस फार उशीर झाला. प्राणवायू प्राण देतो, आणि तोच अग्नीलाही प्राण देतो. ही दुसरी बाजू आम्ही शिकविली नव्हती. आज ती येथे सर्वांसमक्ष शिकवून आम्ही आपली रजा घेतो.