‘भोग’ म्हणून हात झटकू नका
(कळंबा, कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, एखादे मूल अपंग झाले, की आपण सहज म्हणतो, ‘भोग आहेत, दुसरे काय!’ या शब्दाने दुःखिताचे सांत्वन होते की नाही, ठाऊक नाही. आपली जबाबदारी मात्र संपते.

आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजीचे उदाहरण घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथे काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, अनेक दगावले. ही कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ विषाणूची. मैलामिश्रित पाण्यातून तो पसरतो आणि गर्भवतीच्या जिवावर बेततो. दाट वस्तीत जलवाहिनी आणि गटार शेजारी-शेजारी असतात. नळाचे पाणी बंद झाले की गळक्या, रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते. दोष वाहिनीचा आणि शिक्षा पोटातल्या जिवाला! याला भोग म्हणायचे का?

हीच नगरी यंत्रमागांची. ८५ डेसिबलहून मोठा आवाज रोज आठ तास कानी पडत राहिला, तर श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते. मागाचा खडखडाट बहुधा त्याहून मोठाच असतो. कापसाची धूळ छातीत साठते ती वेगळीच. कोंदट खोलीत एकाचा क्षय साऱ्या कुटुंबाला गाठू शकतो. तो मणक्यात उतरला, तर पायांतील बळही जाते.

मग उपाय नाही का? आहे. घरोघरी, बूथवर राबलेल्या हातांनी पोलिओ हरवला. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु मैल्याच्या ज्या वाटेने पोलिओ येत असे, ती वाट आपण अद्याप बुजवलेली नाही. कावीळ आणि विषमज्वर त्याच वाटेने येतात.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, हे स्वागतार्हच. तथापि प्रमाणपत्र हाती पडते ते अपंगत्व आल्यानंतर. त्याआधीचे काम आपले आहे.

संस्थानकाळात बांधलेल्या तलावाच्या काठी आपण राहतो. पाण्याचे मोल कळंब्याला कोणी शिकवावे? म्हणून एवढेच मागतो: आपापली गल्ली एकदा पायी फिरा. नळाची वाहिनी गटारातून कोठे जाते, याची नोंद करून लेखी तक्रार द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या शेजाऱ्याला थुंकी तपासण्यासाठी स्वतः सोबत घेऊन जा.

रुग्णाची सेवा पुण्याची खरी. पण तो रुग्णच होऊ नये, यासाठी झिजणे ही त्याहून मोठी सेवा आहे.